कोणता कुत्रा हुशार?

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांचं शिबिर होतं. दुपारच्या चहाच्या वेळी एका गुरुजींनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांच्या सातवीच्या मुलांनी मोबाइलवरून कुत्र्यांच्या हुशारीची एक यादी उतरवून घेतली होती. पहिला बॉर्डर कोली, दुसरा पूडल, तिसरा जर्मन शेफर्ड, म्हणजे आपण ज्याला अल्सेशियन म्हणतो तो. यादी ७९ क्रमांकांपर्यंत गेलेली. वर्गातल्या एका मुलाच्या घरी लॅब्राडोर, त्याचा नंबर सातवा, त्यामुळे स्वारी खुशीत. धनगरवाड्यावरून येणाऱ्या एका मुलाचा कुत्रा रात्रभर मेंढरं राखतो, पण त्याची जात यादीत कुठेच नव्हती. ‘तुझा नापास’, असं बाकीच्यांनी ठरवून टाकलं. पोरगा दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

“मॅडम, ही यादी खरी धरायची का?” गुरुजींनी विचारलं.

तेव्हा मी दिलेलं उत्तर अर्धवटच होतं, कारण चहा संपला आणि पुढचं सत्र सुरू झालं. यादी खोटी नाही, पण ती ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न मुलांना कुणी सांगितलेला नाही, एवढंच मी म्हटलं होतं. ते नीट उलगडून सांगायचं तर यादी कशी तयार झाली इथपासून सुरुवात करायला हवी.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ साली कुत्र्यांच्या बुद्धिमत्तेवर एक पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्यांनी एकाही कुत्र्याची परीक्षा घेतली नाही, त्यांनी परीक्षकांना विचारलं. अमेरिकेत आणि कॅनडात कुत्र्यांच्या आज्ञापालनाच्या स्पर्धा भरतात. मालक म्हणतो बस, कुत्रा बसतो. मालक म्हणतो थांब, कुत्रा थांबतो. फेकलेली वस्तू आण म्हटलं की आणतो. या स्पर्धांच्या परीक्षकांना कोरेन यांनी लांबलचक प्रश्नावली पाठवली. सुमारे दोनशे परीक्षकांनी ती भरून दिली आणि त्यांच्या मतांवरून क्रम लागला. वरच्या गटातले कुत्रे नवी आज्ञा पाचपेक्षा कमी वेळा सांगून शिकतात आणि पहिल्या हुकमाला शंभरात ९५ वेळा तरी ऐकतात. तळातल्यांना तीच आज्ञा ८० ते १०० वेळा सांगावी लागते, आणि तरी पहिल्या हुकमाला ते चारात एखाद्या वेळीच दाद देतात. सर्वांत शेवटी, ७९ व्या क्रमांकावर अफगाण हाउंड. त्याच्या आधी ७८ वा बसेंजी.

आता हा अफगाण हाउंड काय करायचा ते पाहा. मोकळ्या माळावर शिकार नजरेनं हेरायची आणि वाऱ्यासारखं धावून ती गाठायची, हे त्याचं काम. शिकारी मागे कुठेतरी राहिलेला. कधी वळायचं, कुठून आडवं जायचं हे सगळं त्या कुत्र्यानं एकट्यानं आणि क्षणात ठरवायचं. मालकाच्या हुकमासाठी मागे वळून पाहणारा कुत्रा तिथे उपाशीच राहील. आपल्याकडचा कारवानी कुत्राही याच नजरेवर शिकार करणाऱ्या कुळातला. तो यादीत नाही, कारण त्या परीक्षकांपुढे तो स्पर्धेला आलेलाच नाही. याउलट बॉर्डर कोलीचं काम मेंढपाळाच्या शिट्टीवर डावीकडे, उजवीकडे, पुढे, थांब असं करत कळप वळवण्याचं. शिट्टी ऐकणं हाच त्याच्या कामाचा गाभा. तेव्हा ही यादी सांगते ती गोष्ट अशी: माणसाचं कोण लवकर ऐकतं.

कोरेन यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी पुस्तकात हुशारीचे तीन वेगळे भाग केले आहेत: जातीच्या मूळ कामातली उपजत हुशारी, स्वतःहून अडचण सोडवण्याची हुशारी, आणि माणसानं शिकवलेलं शिकण्याची हुशारी. यादी तिसऱ्या भागाची आहे. पण पुस्तक मागे पडलं आणि यादी तेवढी जगभर फिरली. (तक्ता नेहमी मजकुरापेक्षा जोरात पळतो, हे आपण परीक्षांच्या निकालातही पाहतो.)

मग ऐकण्याचा भाग बाजूला ठेवून कुत्र्याची स्वतःची अक्कल कुणी मोजली की नाही? मोजायचा प्रयत्न झाला, आणि त्याची गोष्ट कोरेन यांच्या शंभर वर्षं आधी इंग्लंडमध्ये सुरू होते.

मुळात ज्यांची तुलना करायची त्या ‘जाती’च फार जुन्या नाहीत. कुत्रा माणसाजवळ हजारो वर्षं आहे, पण पूर्वी त्याची ओळख कामावरून असायची: मेंढरांचा, शिकारीचा, राखणीचा. १८५९ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं, १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला, १८८४ मध्ये अमेरिकेत तसाच क्लब झाला. मग वंशावळीच्या वह्या आल्या. कान किती लोंबावेत, शेपूट कशी वळावी, अंगावर ठिपके कुठे असावेत याचे नियम आले. आज दिसणाऱ्या बहुतेक जातींना जे पक्कं रूप आलं ते या दीडशे वर्षांतलं, आणि निवड झाली ती मुख्यतः दिसण्यावरून. हे लक्षात ठेवू या, पुढे लागेल.

याच काळात, १८८२ मध्ये, डार्विनचे तरुण मित्र जॉर्ज रोमेन्स यांनी प्राण्यांच्या बुद्धिमत्तेवर मोठा ग्रंथ काढला. त्यात कुत्र्यांच्या कितीतरी गोष्टी होत्या, पण बहुतेक लोकांनी पत्रांतून कळवलेल्या. सांगणारा माणूस प्रतिष्ठित असला की गोष्ट खरी, असा साधारण हिशेब. त्यांचेच समकालीन जॉन लबक यांनी निदान प्रयोग करून पाहिला. त्यांच्याकडे व्हॅन नावाचा काळा पूडल होता. ‘खाणं’, ‘पाणी’, ‘हाड’, ‘बाहेर’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेले पुठ्ठे त्यांनी त्याच्यापुढे मांडले, आणि हवं असेल तो पुठ्ठा उचलून आणायला व्हॅन शिकला. तो वाचत होता असं म्हणता येणार नाही, पण कोरा पुठ्ठा आणि छापील पुठ्ठा यांतला फरक त्याला कळत होता.

मला यातला सर्वांत आवडता कुत्रा मात्र टोनी. ब्रिस्टलला शिकवणारे लॉइड मॉर्गन यांचा हा फॉक्स टेरियर. बागेचं लोखंडी फाटक तो स्वतः उघडून रस्त्यावर जायचा. कडीखाली डोकं घालायचं, डोकं वर करायचं, कडी उचलली जायची आणि फाटक आपल्या वजनानं उघडायचं. येणारा-जाणारा थक्क व्हायचा: किती अक्कल! कुत्र्याला कडीची यंत्रणा कळली! पण मॉर्गन यांनी ही गोष्ट पहिल्या दिवसापासून पाहिली होती. टोनीला रस्त्यावरची मजा पाहायची असायची, म्हणून तो गजांच्या वेगवेगळ्या फटींतून डोकं बाहेर काढायचा. एकदा योगायोगानं तो नेमका कडीखालच्या फटीत सापडला आणि फाटक उघडलं. पुढच्या वेळी पुन्हा चुकीच्या फटी, मग बरोबर. असं दहाबारा वेळा झाल्यावर चुका कमी होत गेल्या. सरळ योग्य जागी जायला त्याला जवळजवळ तीन आठवडे लागले. आणि तेव्हाही तो कडी उचलायचा ती मानेच्या मागच्या भागानं, म्हणजे नजर रस्त्याकडेच. कडीकडे तो पाहतही नव्हता. शेवटचा दिवस तेवढा पाहिला तर हा विचार वाटतो, तीन आठवडे पाहिले तर सराव दिसतो.

१८९४ मध्ये मॉर्गन यांनी यातून एक नियम मांडला, जो आजही आमच्या क्षेत्रात पहिल्या वर्षी शिकवतात: एखादी कृती साध्या मानसिक क्षमतेनं समजावता येत असेल तर तिच्यासाठी वरच्या पातळीची क्षमता गृहीत धरू नये. चार वर्षांनी अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरं आणि कुत्री कोड्याच्या खोक्यांत कोंडून, दोरी ओढून किंवा खिटी सरकवून ती बाहेर यायला किती वेळ घेतात हे घड्याळ लावून मोजलं. गोष्टी गोळा करणाऱ्यांवर त्यांचा राग होता. शेकडो कुत्री हरवतात, त्याची कुणी नोंद करत नाही. एखादा ब्रुकलिनहून यॉंकर्सपर्यंत घरी परतला की त्याची मात्र दंतकथा होते, असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्यात जातींची तुलना अजून कुणी केली नव्हती. ती झाली अमेरिकेच्या मेन राज्यात, बार हार्बर या समुद्रकाठच्या गावी, जॅक्सन प्रयोगशाळेत. ही प्रयोगशाळा उंदरांसाठी प्रसिद्ध. १९४५ मध्ये जॉन पॉल स्कॉट तिथे आले, जॉन फुलर त्यांचे सहकारी झाले, आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर कुत्र्यांचा एक लांबलचक प्रकल्प उभा राहिला. प्रश्न खरा माणसाबद्दलचा होता. अमेरिकेत तोवर बुद्ध्यंकाच्या चाचण्यांचं पेव फुटलं होतं. अमुक वंशाची माणसं जन्मतःच मठ्ठ, असं त्यांच्या आधारानं उघड बोललं जायचं आणि कायदेही व्हायचे. वर्तनात आनुवंशिकतेचा भाग किती, हे माणसांवर प्रयोग करून तपासता येत नाही. कुत्र्यांवर येतं.

त्यांनी पाच जाती निवडल्या: बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलँड शीपडॉग आणि राठ केसांचा फॉक्स टेरियर. आकारानं फार फरक नाही, पण स्वभावानं एकमेकांपासून दूर. पिल्लं जन्मल्यापासून वर्षाची होईपर्यंत सारख्या खोल्यांत, सारख्या खाण्यावर, सारख्या वेळापत्रकात वाढवली आणि ठरावीक वयात ठरावीक चाचण्या घेतल्या. एका चाचणीत जाळीपलीकडे खाण्याची थाळी दिसते, पण तिथे पोचायला आधी थाळीपासून दूर जाऊन जाळीला वळसा घालावा लागतो. लहान पिल्लू जाळीला नाक लावून केकाटत राहतं. पिल्लू वळसा घालायला शिकलं की जाळी लांब करायची. आणखी एका चाचणीत झाकलेलं भांडं पंजानं किंवा दातानं बाहेर ओढायचं. मग भूलभुलैया, उतारावर चढणं, वासाचा माग, दोरीनं बांधून नीट चालणं. हे दोरीचं प्रकरण वाचताना हसू येतं: बसेंजी दोरीशी भांडायचे, शेटलँड ती माणसाच्या पायांत गुंडाळायचे, बीगल नुसते गळा काढायचे. शिकवणारा एक, धडा एक, आणि अडचण प्रत्येकाची वेगळी!

निकाल काय लागला? एक जात सगळीकडे पहिली आणि एक सगळीकडे शेवटची, असं काही झालं नाही. एका चाचणीत पुढे असलेली जात दुसरीत मागे. भांडं ओढण्यासारख्या हाताळणीच्या कोड्यांत बसेंजी चांगले ठरले. होय, तोच बसेंजी, पुढे कोरेन यांच्या यादीत शेवटून दुसरा आलेला! एकरभर कुरणात एक उंदीर सोडला तर बीगल मिनिटाभरात शोधायचे, फॉक्स टेरियरना पाव तास लागायचा, स्कॉटिश टेरियरना तो सापडायचाच नाही. ही अक्कल की नाक? शिवाय बऱ्याच पिल्लांचे गुण कमी पडले ते कोडं न सुटल्यामुळे नव्हे, तर नव्या खोलीला आणि खडखडणाऱ्या सामानाला भिऊन ती कोपऱ्यात बसल्यामुळे. भीती, खाण्याची हाव, माणसाची ओढ, नाक-डोळे, पायांतली ताकद ही सगळी वजा केल्यावर ‘शुद्ध बुद्धी’ म्हणून जे उरतं त्यात जाती जवळपास सारख्याच दिसतात, असा निष्कर्ष स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ च्या त्यांच्या ग्रंथात काढला. वर्तनात आनुवंशिक फरक नाहीत असं ते म्हणत नव्हते. फरक भरपूर होते. ते एकाच पट्टीवर मांडता येत नव्हते, इतकंच.

शिक्षकांच्या उपयोगाची एक गोष्ट त्याच प्रयोगशाळेतून आली. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लं माणसांपासून लांब, कुंपणाच्या आवारात वाढवली. माणसाची पहिली ओळख ज्यांना काही आठवड्यांतच झाली ती माणसाळली. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्लं पुढे कितीही लळा लावला तरी बुजरी राहिली. अशा पिल्लाची आज्ञापालनाची परीक्षा घेतली तर ते शेवटचं येणार, आणि आपण त्याच्या जातीला नावं ठेवणार!

पुढची तीस वर्षं कुत्रा प्रयोगशाळेत फारसा कुणाला नको होता; माणसाच्या सहवासानं बिघडलेला प्राणी, असं त्याच्याबद्दल मत होतं. १९९८ च्या सुमारास हे उलटलं. बुडापेस्टला मिक्लोशी आणि त्यांचे सहकारी, तर अमेरिकेत ब्रायन हेअर यांनी, वेगवेगळे, दाखवून दिलं की माणसानं बोट दाखवलेल्या भांड्यात खाणं आहे हे कुत्र्याला सहज कळतं. मग २००३ मध्ये बुडापेस्टच्या गटानं हातावर वाढवलेल्या लांडग्यांची आणि कुत्र्यांची तुलना केली. दोरी ओढून मांस मिळवायचं, हे दोघेही शिकले. नंतर दोरी गुपचूप बांधून टाकली. लांडगे ओढत राहिले. कुत्र्यांनी थोडं ओढलं आणि मागे वळून माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. आता सांगा, यात हुशार कोण? लांडगा चिकाटीचा म्हणावा की हट्टी? कुत्रा परावलंबी म्हणावा, की अडल्यावर जाणत्याला विचारणारा? वर्गात हा प्रश्न टाकून पाहा; मुलं अर्धा तास भांडतात.

एकेका कुत्र्याचे पराक्रमही याच काळातले. २००४ मध्ये जर्मनीतला रिको दोनशे वस्तू नावानं ओळखत होता. २०११ मध्ये चेसर या कुत्रीनं १०२२ खेळण्यांची नावं शिकल्याची नोंद झाली. दोघंही बॉर्डर कोली, म्हणजे यादीतले पहिले. पण चेसरचे गुरू जॉन पिली हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आणि ते तीन वर्षं रोज चार-पाच तास तिला शिकवत होते. आणि २०२१ मध्ये बुडापेस्टच्याच संशोधकांनी नेहमीच्या घरगुती कुत्र्यांना तीन महिने कसून शिकवलं, तेव्हा बहुतेकांना दोन खेळण्यांचीही नावं आली नाहीत. त्यांत सामान्य बॉर्डर कोलीही होते. जात चांगली असूनही!

मग जातीचा म्हणून भाग किती? २०२२ मध्ये अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून स्वभावाची माहिती घेतली गेली आणि त्यांतल्या २१५५ कुत्र्यांचा जनुकसंच वाचला गेला. एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्यापेक्षा वेगळा का, याचा जातीवरून उलगडा होतो तो सरासरी ९ टक्के. त्याच वर्षी फिनलंडमध्ये तेरा जातींच्या हजार कुत्र्यांच्या प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या. स्वतःला आवरणं, माणसाचे इशारे समजणं यांत जातींमध्ये फरक आढळले. स्मरणशक्तीत आणि तर्कात आढळले नाहीत. वंशावळीच्या वह्यांत निवड कशावरून झाली हे आठवलं तर याचं फारसं नवल वाटत नाही.

गुरुजींना मी नंतर पत्र लिहिलं, त्यात दोन गोष्टी सुचवल्या. एक, शाळेच्या मैदानात कोंबड्यांच्या खुराड्याची दोन मीटर जाळी उभी करून वळशाची चाचणी घ्या. कुत्रे मुलांच्या घरचे, लस टोचलेले आणि मालक जवळ असलेले. प्रत्येक कुत्र्याला पाच वेळा सोडा, दर वेळचे सेकंद लिहा. शेवटचा आकडा नव्हे, पाचही आकडे. मॉर्गन यांचा टोनी मुलांना त्यातच भेटेल.

दुसरी गोष्ट कोलकात्याची. तिथल्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम करतात. कुणी शिकवलेलं नाही, जात नाही, वंशावळ नाही. २०२० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६० एकट्यादुकट्या कुत्र्यांसमोर दोन झाकलेली भांडी ठेवून त्यांतल्या एकाकडे बोट दाखवलं. जवळजवळ निम्मी कुत्री भांड्यांपाशी आलीच नाहीत. जी आली त्यांतल्या सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी बोटाचा इशारा बरोबर ओळखला. आणि न आलेल्यांना संशोधकांनी शून्य गुण दिले नाहीत. ती कुत्री बिचकलेली दिसत होती, माणसांनी त्यांना पूर्वी त्रास दिलेला असू शकेल, अशी त्यांची नोंद वेगळी केली.

गुरुजींचं उत्तर दिवाळीनंतर आलं. धनगराच्या कुत्र्यानं पहिल्या दोन वेळी जाळीकडे पाहिलंही नाही. तो मैदानाच्या कडेला बसून मुलांवर नजर ठेवून होता.